सॅडल गार्डचा बोल्ट पुन्हा पुन्हा सैल होतोय? बोल्ट राहू द्या, सांधा बघा

सॅडल गार्ड म्हणजे मोटरसायकलच्या मागच्या चाकाशेजारी बॅगा टांगायचा पाइपचा सांगाडा. माझ्या गाडीवर मंद्रूप मागे पडलं की त्याचा आवाज सुरू व्हायचा. आधी बारीक किणकिण, मग भीमेच्या पुलापर्यंत स्पष्ट खडखड. उजव्या सॅडल गार्डचा मागचा बोल्ट, दर वेळी तोच. सोलापुरातून निघताना मी स्वतः आवळलेला असायचा आणि विजयपूरला चहाला थांबलो की बोटांनी फिरायचा. एका फेरीत तो वाटेतच पडला. गार्ड उरलेल्या दोन बोल्टांवर लोंबत होता आणि बॅगेचं बूड सायलेन्सरपासून बोटभर अंतरावर आलं होतं. मागे आई बसली होती. त्या दिवसापासून हा प्रश्न मुळापासून सोडवायचाच, असं ठरवलं.

गाडी साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची. गार्ड तयार विकत घेतलेला, काळ्या पावडर कोटिंगचा. प्रत्येक बाजूला तो तीन ठिकाणी बसतो: वर शॉकअपच्या बोल्टवर, खाली मागच्या फुटरेस्टच्या ब्रॅकेटवर आणि मागे मडगार्डच्या आधारपट्टीवर. बाजारात मिळणारे बहुतेक गार्ड थोड्याफार फरकाने असेच बसतात. त्यामुळे पुढे लिहिलेलं तुमची गाडी कुठल्याही कंपनीची असली तरी लागू पडेल.

बोल्ट धरून ठेवण्यासाठी मी काय काय केलं ते आधी सांगतो, कारण तुम्हीही बहुधा याच वाटेने गेला असाल. पहिल्यांदा स्प्रिंग वायसर घातला. पुढच्याच फेरीत पुन्हा खडखड. मग भोक मोठं करून ८ मिमीच्या जागी १० मिमीचा बोल्ट घातला. तो थोडा जास्त टिकला, पण सैल झालाच. मग एकावर एक दोन नट आवळले. दोन्ही नट एकमेकांना घट्ट धरून राहिले, पण गार्ड तरीही हलत होता. शेवटी निळं थ्रेड लॉक, म्हणजे आट्यांत लावायचं चिकट द्रव, लावलं. त्याने पंढरपूरची फेरी सुखरूप झाली, अक्कलकोटचीही झाली, आणि त्यानंतर तुळजापूरचा घाट चढताना तोच आवाज.

आमच्या शेजारी एक मामा राहतात. जन्म यंत्रमागावर गेला, जॉबर होते. माग बिघडला की विणणारा त्यांनाच हाक मारायचा. एका रविवारी मी पाने पसरून बसलो होतो तेव्हा ते येऊन उभे राहिले, दोन मिनिटं पाहिलं आणि म्हणाले, "नट काय बदलायलास सारखं? बूड बघ की बे त्याचं."

मागावर धोटा दिवसरात्र इकडून तिकडे आदळत असतो. एखादा नट सारखा सैल होत असेल तर जॉबर नटाच्या नादी लागत नाही. नट ज्याच्यावर बसलाय ती जागा सपाट आहे का, दोन भाग एकमेकांवर नीट टेकलेत का, हे आधी बघतो. मामांनी मला तो मागचा बोल्ट हळूहळू काढायला लावला. शेवटचा आटा सुटला तसा गार्ड टणकन बाहेर उडाला. भोकात भोक राहिलं नाही. फट मोजली तर ६ मिमी. म्हणजे इतके दिवस मी त्या एका बोल्टच्या जोरावर अख्खा गार्ड वाकवून आत ओढत होतो.

आता हे असं का होतं, ते जरा सावकाश सांगतो. सगळा इलाज याच्यावरच उभा आहे.

बोल्ट म्हणजे अतिशय कडक स्प्रिंग. आवळला की तो किंचित लांबतो, आणि मूळ लांबीला परत येण्याच्या त्या ओढीने दोन पत्रे एकमेकांवर दाबून धरतो. ८.८ प्रतीचा (ही मजबुतीची खूण) ८ मिमीचा बोल्ट २५ न्यूटन मीटरला (हे आवळण्याच्या जोराचं माप) आवळला तर साधारण दीड टनाचा दाब पडतो. एवढ्या दाबाखाली पत्र्यांमधलं घर्षणच गार्ड जागेवर ठेवतं. बोल्टच्या दांडीवर आडवा भार यायलाच नको. दोन्ही बॅगा, त्यातली चादर, शेंगाचटणीचे डबे आणि रस्त्याचे धक्के, हे सगळं त्या घर्षणापुढे किरकोळ आहे.

पण हाच बोल्ट आधी ६ मिमीची फट मिटवण्यात खर्ची पडला तर? पाना घट्ट लागतो, हाताला वाटतं बसला. प्रत्यक्षात त्या जोरातला बराचसा भाग पाइप वाकवण्यात गेलेला असतो आणि वाकलेली पट्टी पूर्ण टेकतही नाही, एका कडेवर उभी राहते. पत्र्यांमध्ये दाब उरतो तो थोडासाच. मग प्रत्येक धक्क्याला सांधा केसभर इकडे, केसभर तिकडे सरकतो. गेरहार्ड युंकर या जर्मन अभियंत्याने १९६९ मध्ये नेमकं हेच प्रयोगाने दाखवलं होतं: बोल्टला आडवी सरक मिळाली की तो आपोआप उलटा फिरतो, आणि स्प्रिंग वायसर ते थांबवू शकत नाही. माझा स्प्रिंग वायसर का हरला, हे मला तेव्हा कळलं.

दुसरं कारण तर डोळ्यांना दिसतही नाही. पावडर कोटिंग. त्याचा थर साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता बोल्टकडे बघा: २० मिमी जाडीच्या सांध्यात पूर्ण आवळलेला ८ मिमीचा बोल्ट लांबतो किती, तर जेमतेम ४० मायक्रॉन. रंग प्लास्टिकसारखा असतो. दाबाखाली आणि उन्हाच्या तापाखाली तो हळूहळू चेपतो. सोलापूरचा एप्रिल-मे तुम्हाला सांगायला नको, आणि उजव्या बाजूला सायलेन्सरची धग वेगळी. पट्टीच्या दोन्ही बाजूंचा रंग मिळून ३० मायक्रॉन चेपला, तरी बोल्टची ओढ जवळजवळ संपली. नट तसूभरही फिरलेला नसतो, तरी सांधा सैल! नवीन गार्ड पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्येच का वाजायला लागतो, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

तुमच्या गाडीचा आजार कुठला, ते असं ओळखा. बॅगा काढा. गार्ड मागच्या टोकाला धरून हलवा आणि दुसऱ्या हाताचं बोट प्रत्येक सांध्यावर, अर्धं पट्टीवर अर्धं चेसिसवर, असं ठेवा. सरक कितीही बारीक असली तरी बोटाला कळते. मग संशयित सांधा उघडा. पट्ट्यांच्या मधे गंजासारखी लालसर तपकिरी भुकटी दिसली तर तो साधा गंज नाही. पोलाद पोलादावर घासून पडलेला तो चुरा आहे. बोल्टच्या दांडीवर एका बाजूला चकचकीत घासलेला पट्टा असेल तर भार घर्षणाऐवजी दांडीवर येतोय. असा बोल्ट फेकून द्या. तुटायला तो बहुतेक नटाखालच्या पहिल्या आट्यापाशी सुरुवात करतो आणि तुटेपर्यंत बाहेरून काही कळत नाही. तुटलाच असेल तर तुटलेली जागा नीट पाहा: एक भाग गुळगुळीत, कधी त्यावर शिंपल्यासारख्या रेषा, आणि उरलेला भाग खडबडीत. म्हणजे चीर आधीपासून वाढत होती, शेवटच्या खड्ड्याने फक्त निकाल लावला.

आणि मामांची परीक्षा: तीनही बोल्ट एकेक करून काढा आणि प्रत्येक वेळी गार्ड किती उडतो ते पाहा. फट मोजायला खास साधन नको. ड्रिलच्या बिटांची मागची गुळगुळीत बाजू फटीत घालून बघा. जो बिट जेमतेम जाईल त्याचा व्यास म्हणजे तुमची फट. १ मिमीच्या आत असेल तर चालेल. त्याहून जास्त असेल तर खालचं सगळं करा.

फट कुठून येते, हेही समजून घ्या. पाइपला पट्टी वेल्ड केली की थंड होताना ती ओढली जाते, जिगमध्ये, म्हणजे भाग धरून ठेवणाऱ्या साच्यात, नीट पकडली नसेल तर काही मिलिमीटर सहज सरकते. गाडीच्या मडगार्डच्या पट्ट्याही प्रत्येक गाडीत तंतोतंत एकसारख्या नसतात. गाडी एकदा पडून उठलेली असेल तर प्रश्नच नाही.

बसवताना मी आता हा क्रम पाळतो. आधी गार्डच्या तिन्ही पट्ट्यांवर, जिथे बोल्टचं डोकं आणि चेसिस टेकतं तेवढ्याच गोल जागेवरचा रंग पॉलिश पेपरने किंवा कानशीने काढतो. वायसर जेवढा, तेवढंच वर्तुळ, दोन्ही बाजूंनी. उघड्या लोखंडावर झिंक प्रायमरचा अगदी पातळ हात, वाळल्यावर बोटाने जाणवूही नये इतका. चेसिसवरचा कंपनीचा रंग मात्र मी खरवडत नाही. तो पातळ असतो, आणि तिथे एकदा गंज धरला तर तो आत उतरतो.

मग गार्ड टांगून तिन्ही बोल्ट फक्त हाताने, तीन-चार आटे, असे लावायचे. पाना अजून हातात घ्यायचा नाही. गार्ड डुलला पाहिजे. या अवस्थेत तो त्याला हवा तिथे लोंबतो आणि खरी फट कुठे आहे ते दाखवतो. माझी सगळी ६ मिमी मागच्या सांध्यावर आली.

ती फट भरायची कशाने? इथे बरेच लोक वायसरांची चवड लावतात. पाच वायसर म्हणजे सहा टेकणाऱ्या जागा, प्रत्येक थोडी थोडी चेपणार. रबराचा तुकडा तर कधीच नको. तो दाबला जातो आणि बोल्टची ओढ खाऊन टाकतो. घन पोलादी स्पेसर हवा, दोन्ही तोंडं सपाट आणि एकमेकांना समांतर. मी एमआयडीसीतल्या एका लेथवाल्याकडून २० मिमी जाडीच्या रॉडमधून, मधे ८.५ मिमीचं भोक पाडून, ६ मिमी लांबीचा करून घेतला. सोलापुरात यंत्रमागाचे सुटे भाग घडवणारे हात गल्लोगल्ली आहेत. त्यांना माप मिलिमीटरमध्ये सांगा आणि फट तिरकी असेल तर तसं सांगा, ते तोंड तिरकं कापून देतात. स्पेसरचा आणखी एक फायदा आहे. सांधा जाड झाला की बोल्टही लांब लागतो, लांब बोल्ट जास्त ताणला जातो, आणि मग रंग थोडा चेपला तरी ओढ शिल्लक राहते. फट १५-२० मिमीची असेल तर मात्र स्पेसरवर भागवू नका, पट्टी कापून नव्याने वेल्ड करा. वेल्डिंग करताना गार्ड गाडीवरून काढायचाच. २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये पेट्रोलचं इंजेक्शन आणि त्याचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट असतो; वेल्डिंगची अर्थची वायर गाडीला लावून वेल्डिंग करणं म्हणजे महागडा भाग पणाला लावणं.

मी मोठं केलेलं भोक हाही एक धडा होता. १० मिमीच्या बोल्टसाठी पट्टी कोरली आणि तिची कड पातळ झाली. ती पट्टी पुढे बदलावी लागली. ८ मिमीचा बोल्ट कधीच कमी पडलेला नव्हता.

बोल्टबद्दल दोनच गोष्टी. डोक्यावर ८.८ उठवलेला असला पाहिजे; काहीच खूण नसलेला बोल्ट गार्डला नको. स्टीलचे चकचकीत बोल्ट दिसायला छान, पण साध्या ए-२-७० प्रतीचं स्टेनलेस ८.८ पेक्षा लवकर कायमचं ताणलं जातं, आणि कोरडं आवळलं तर आटे एकमेकांत अडकून बसतात. दुसरी गोष्ट आट्यांची. १० मिमीचे बोल्ट १.५ आणि १.२५ अशा दोन आट्यांत मिळतात, आणि गाडीवर बारीक आटा बऱ्याच ठिकाणी असतो. चुकीचा बोल्ट दोन फेरे आत जातो, मग अडतो, मग पान्याच्या जोराने जातो आणि चेसिसचे आटे घेऊन जातो. नवीन बोल्ट नेहमी हाताने पूर्ण आत जातो का ते बघा, मगच पाना.

आवळण्याचा क्रम: आधी वरचा शॉकअपचा, मग फुटरेस्टचा, शेवटी मागचा. प्रत्येकाला आधी अर्धा जोर, सगळे झाल्यावर पूर्ण. ८ मिमीच्या ८.८ ला २२ ते २५ न्यूटन मीटर पुरे. शॉकअप आणि फुटरेस्टला गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा. टॉर्क पाना (किती जोर लागला ते दाखवणारा) नसेल तर गॅरेजमध्ये नेऊन त्या पान्याने आवळून घ्या. वीतभर लांबीच्या रिंग पान्याला पाइप लावून जोर काढायचा नाही, तेवढं नक्की.

शॉकअपच्या सांध्यावर थोडं थांबतो, कारण इथली चूक फक्त खडखडीवर थांबत नाही. शॉकअपच्या डोळ्यात, म्हणजे टोकाच्या कडीत, रबरी बुश असतो आणि त्याच्या आत पोलादी नळी. नट त्या नळीवर टेकायला हवा, म्हणजे शॉकअप रबराच्या आधाराने मोकळा झुलतो. गार्डची पट्टी किंवा फार मोठा वायसर डोळ्याच्या कडेवर दाबून बसला तर शॉकअप जखडतो. सीट दाबली की टकटक किंवा कुईकुई येते आणि काही महिन्यांत बुश फाटतो. पट्टी नेहमी नळीच्या बाहेरच्या बाजूला, नळीपुरतीच टेकेल अशी. शिवाय ५ मिमीची पट्टी मधे आली की १.२५ च्या आट्याचे चार आटे गेले. साधा नट लावून पाहा: नट पूर्ण भरून बाहेर दोन आटे दिसले पाहिजेत. टोपीचा नट असेल तर ते दिसतच नाही, म्हणून आधी साध्या नटाने तपासायचं. आटे कमी पडत असतील तर लांब बोल्ट घ्या. या एका नटावर मागची सगळी गाडी उभी असते.

आता थ्रेड लॉक. ते वाईट नाही, मी वेळ चुकवली होती. ते हवा नसलेल्या जागी, धातूला धातू लागल्यावर घट्ट होतं, आणि आट्यांना तेल असेल तर धरत नाही. माझे आटे चेनवर मारलेल्या स्प्रेने ओले होते. दुसरी चूक अशी की घट्ट झाल्यावर मी दर आठवड्याला पाना लावून थोडं थोडं आवळत होतो. त्याने पकड तुटते. म्हणून आता आधी थ्रेड लॉकशिवाय, बॅगा न लावता, तुळजापूरला जाऊन येतो. नव्वदेक किलोमीटर आणि घाट, एवढ्यात सांधा बसतो. मग एकेक बोल्ट काढून आटे पेट्रोलने पुसून, निळं थ्रेड लॉक लावून पूर्ण आवळायचे आणि गाडी एक दिवस उभी ठेवायची. लाल लावू नका, ते उघडायला भरपूर तापवावं लागतं आणि शेजारी बुशचं रबर असतं. नायलॉक नट, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेला, वापरणार असाल तर डाव्या बाजूला ठीक. सायलेन्सरजवळ त्यातलं नायलॉन तापून मऊ होतं. एकदा काढलेला नायलॉक पुन्हा लावताना हाताने सहज फिरत असेल तर नवा घ्या.

त्यानंतर नटावरून पट्टीवर एक सरळ रेघ, नेलपॉलिशची. पुढे तपासणी म्हणजे रेघ जुळते का एवढं बघणं, पाना नाही. मी ती दर फेरीच्या आधी आणि प्रत्येक चहाच्या थांब्यावर बघतो.

हे सगळं केल्यावर मागचा सांधा थांबला. तरी ४,००० आरपीएमला गार्डच्या टोकाला थोडी थरथर होती. एक सिलिंडरचं इंजिन त्या वेगाला सेकंदाला सदुसष्ट वेळा फिरतं, आणि दोन बाजूंचे दोन गार्ड दोन वेगळ्या पंखांसारखे हलतात. दोन्ही गार्डांची मागची टोकं नंबर प्लेटखालून २५ बाय ५ मिमीच्या पट्टीने जोडली, तेव्हा ती थरथरही गेली. पट्टी जोडण्याआधी दोघांना सीटवर बसवून गाडी दाबून बघा, आणि खड्ड्यात शॉकअप त्याहूनही खाली जातो हे धरून टायरला भरपूर जागा ठेवा. नंबर प्लेट आणि दिवा झाकला जाता कामा नये.

बॅगेचे सीटवरून जाणारे पट्टे जीव खाऊन ओढू नका. ते दोन्ही गार्ड आत खेचतात आणि आपण फेडलेला ताण परत येतो. बॅग गार्डच्या पाइपला बांधा, पट्टा फक्त वजन तोलायला. उजवीकडे भरलेली बॅग बाहेरून हाताने जोरात आत ढकलून पाहा: सायलेन्सरपर्यंत पोचत असेल तर तिथे आडवा पाइप हवा. नायलॉन किंवा पॉलिएस्टरची बॅग पेटण्याच्या कितीतरी आधी वितळते, आणि चालवताना मागचं काही दिसत नाही.

डावीकडचा साडी गार्ड काढल्याशिवाय काही सॅडल गार्ड बसत नाहीत आणि दुकानदार तो काढून हातात देतो. तो परत लावा, किंवा नव्या गार्डला जाळी अथवा पत्रा वेल्ड करून घ्या. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधल्या नियम १२३ प्रमाणे मागचं निदान अर्धं चाक झाकलेलं असावं लागतं, मागे बसणाऱ्याचे कपडे अडकू नयेत म्हणून. माझी आई नऊवारी नेसून गाडीवर बसते. बॅग लावलेली असते तेव्हा बॅगच चाक झाकते असं वाटतं. पण गावात फिरताना बॅग घरी असते आणि पदर तसाच असतो.

गाडी कधी आडवी झाली, अगदी उभ्या जागी स्टँडवरून पडली, तरी बॅग वाचली म्हणून समाधान मानून पुढे जाऊ नका. गार्डने झेललेला मार पट्ट्यांमध्ये गेलेला असतो. वेल्डच्या कडेला रंगात बारीक गंजाची रेघ दिसते का बघा; ती चिरेची पहिली खूण असते. मग तिन्ही बोल्ट सोडून गार्ड पुन्हा टांगा. तो आपोआप भोकात भोक येऊन बसला तर आवळा. ओढून बसवावा लागला तर फट पुन्हा मोजा आणि नवा स्पेसर करून घ्या.